विद्या आणि मैदान

खेळांत रमलेला मुलगा अभ्यासास मुकतो, ही तक्रार पिंगळीकडील पालकांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतों. कापूस विकून मुलाची फी भरणाऱ्या पित्याची ही चिंता उपेक्षणीय खास नव्हे. म्हणून तिचा विचार येथें करूं.

अमेरिकेंतील नामांकित विद्यापीठांसहि हाच प्रश्न पडलेला आहे. तिकडील फुटबॉल हा बहुतांशीं चेंडू हातांत घेऊन धांवण्याचा खेळ. मोठ्या सामन्यांस लाखभर प्रेक्षक जमतात व अमाप द्रव्य मिळतें. अर्थातच विद्यापीठें शिष्यवृत्त्या देऊन उत्तम खेळाडू ओढून घेतात. परंतु जेथें प्रवेशाची कसोटी कडक, तेथें पात्र खेळाडू थोडे. जेथें ती सैल, तेथें निवडीस रान मोकळें. या पेचांतून तीन वाटा निघाल्या.

पहिली शिकागो विद्यापीठाची. १९३५ सालीं पहिली हाइझमन ट्रॉफी मिळविणारा जे बर्वँगर हा तेथलाच विद्यार्थी. पुढें १९३९ सालीं मिशिगननें शिकागोचा ८५-० असा धुव्वा उडविला, आणि त्याच वर्षीं अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकीर्दींत संघच मोडण्यांत आला. त्या मैदानाच्या प्रेक्षासनांखालीं १९४२ सालीं फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जगांतील पहिली नियंत्रित अणुशृंखलाक्रिया घडवून आणिली! १९६९ सालीं तेथें खेळ परतला, परंतु लहान प्रमाणावर.

दुसरी वाट हार्वर्ड, येल आदि आठ विद्यापीठांची. १९५४ सालच्या करारान्वयें केवळ खेळासाठीं शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं व मुख्यतः बरोबरीच्यांशींच झुंजावयाचें, असें त्यांनीं ठरविलें. तिसरी वाट स्टॅनफर्डसारख्यांची: शिष्यवृत्ति द्यावयाची, तरी विद्येची कसोटीहि राखावयाची. हीच सर्वांत बिकट. कारण विजयाची भूक वाढली कीं पहिली कात्री नियमांस लागते.

पण इतकें दूर कशास जावें? पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत आणि क्रिकेटहि खेळत. १९२६ सालीं त्यांनीं एम. सी. सी. विरुद्ध १४८ धांवा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. तेव्हां ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते! त्यांच्या खेळानें वर्ग गिळला नाहीं, कीं वर्गानें खेळ मारला नाहीं.

असे पुरुष विरळा. म्हणून शाळेस नियम हवा. संघाची यादी लावतांना मुलाची वहीहि पाहावी. मात्र वही अपुरी दिसल्यास त्यास मैदानावरून हांकलूं नये. सायंकाळीं तासभर जवळ बसवून शिकवावें. सामना हरला तर पुढील वर्षीं पुन्हां खेळतां येईल. परंतु ज्यास आपण खेळाडू म्हणून मिरविलें, तो विद्येवांचून घरीं परतला, तर तें ऋण शाळेच्या माथीं राहील.