उंबरमाळीचे घर, जमीन आणि वाट

कसाऱ्याच्या लोकलमध्ये तुम्ही कधी बसला असाल, तर खर्डी मागे टाकल्यावर आणि कसारा येण्यापूर्वी एक लहानसे स्टेशन लागते. उंबरमाळी हे त्याचे नाव. उंबर आणि माळ हे दोन्ही शब्द या मुलखाचेच. गाडी क्षणभर थांबते, डोक्यावर बोजा घेतलेली चार माणसे चढतात-उतरतात आणि गाडी पुढे जाते. खिडकीतून दिसतात ती कौलारू घरे, भाताची खाचरे आणि मागे सह्याद्रीची रांग. पण हे घर कुणाचे, ते खाचर कुणाचे, आणि स्टेशनावर उतरलेली बाई आता किती चालणार, हे काही खिडकीतून दिसत नाही. त्याचाच आपण थोडा विचार करू.

प्रथम घराकडे पाहू. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि कुणबी यांची वस्ती आहे. इथले जुने घर कारवीच्या कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा. वर गवत किंवा कौले. आता विटा-सिमेंटची घरेही पुष्कळ झाली. परंतु भिंत कशाची आहे याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, घर उभे आहे ती जागा कुणाची? मूळ गाव गावठाणात असते. पाडे मात्र गावठाणाबाहेर, कुठे खाजगी मालकाच्या जमिनीत, तर कुठे वनखात्याच्या हद्दीत वसलेले. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली, पावती मिळाली, म्हणजे घर आपल्या नावावर झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. घरपट्टीची नोंद ही कर वसूल करण्यासाठी असते. तिच्यामुळे जागेची मालकी सिद्ध होत नाही. मात्र कुळाने किंवा शेतमजुराने जमीनमालकाच्या जागेत स्वखर्चाने घर बांधले असेल, तर 1948 च्या कूळ कायद्यात त्या राहत्या घराला संरक्षण आहे. ही गोष्ट पाड्यापाड्यांतून माहीत असायला हवी.

आता जमीन. इथली शेती म्हणजे मुख्यतः भात. पण एकट्या खाचरावर भात होत नाही, बरं का! रोपासाठी राब भाजावा लागतो. शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, त्यांवर गवत आणि माती पसरून उन्हाळ्यात ती जागा भाजतात, आणि पाऊस पडला की तिथे बी पेरतात. म्हणजे खाचराला जोड म्हणून माळ हवा, झाडे हवीत. अशा जमिनीला ‘वरकस’ म्हणतात आणि हा शब्द कूळ कायद्याच्या व्याख्येतही आलेला आहे. वरकसावरच नाचणी-वरई होते, गुरे चरतात. तेव्हा नुसते खाचर हाती राहून वरकस दुसऱ्याच्या हाती गेले, तर शेतकऱ्याचा एक हातच मोडल्यासारखे होते.

या जमिनीच्या कडेला लागते जंगल. तिथे पिढ्यान् पिढ्या कसलेल्या दळी आहेत आणि वर्षावर्षाच्या कराराने दिलेले ‘एकसाली’ प्लॉट आहेत. कसणारा तोच, पण कागद त्याच्या नावाचा नाही. या अवस्थेवर उपाय म्हणून 2006 साली वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब स्वतः कसत आहे, तिच्यावर चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. आणखी एक कलम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विवाहित असल्यास हा हक्क नवरा आणि बायको या दोघांच्या नावाने नोंदवावा लागतो.

खाजगी जमिनीचे काय? 1974 च्या कायदेदुरुस्तीनंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीवाचून विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही. त्याच साली, पूर्वी गेलेल्या काही जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. कायदा चांगला, पण त्याचा लाभ मिळायला सातबाऱ्यावर नाव लागते. कित्येक घरांत आजोबा वारले, वडीलही वारले, तरी उताऱ्यावर नाव आजोबांचेच! वारसाने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी असा नियम आहे. पण घरातल्या घरात जमीन वाटून कसली जाते आणि कागद तसाच राहतो. मग धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन घ्यायची वेळ आली की भरपाईची नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघते आणि जिवंत माणसे दाखले गोळा करीत हिंडतात.

यात सर्वांत मागे राहते ती बाई. 1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तिथे रूढी पाहिली जाते. रूढीचा अर्थ मात्र बहुतेक वेळा पुरुषच सांगतात. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निर्णय दिला की, मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून तिचा वाटा नाकारता येत नाही. आणि रूढी सगळीकडे सारखीच असते असेही नाही. इंडोनेशियात पश्चिम सुमात्रा प्रांतात मिनांगकाबाऊ नावाचे लोक आहेत. तेही आपल्यासारखेच भात पिकवणारे. त्यांच्याकडे वडिलार्जित शेत आणि घर आईकडून मुलीकडे जाते. चिखलात वाकून भात लावणारी बाई तिथेही आहे आणि उंबरमाळीच्या शिवारातही आहे. फरक आहे तो नाव कुणाचे, एवढाच.

शेवटी वाट. या भागात आगगाडी फार लवकर आली. कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग 1861 साली सुरू झाला आणि 1865 साली थळ घाट चढून गाडी इगतपुरीला पोहोचली. मुंबई-आग्रा रस्ता जवळूनच जातो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही शहापूर तालुक्यातून खुला झाला. शेजारच्या मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. तिथल्या लोकांची भिस्त एस.टी.वर. त्या मानाने उंबरमाळी भाग्यवान म्हणायची. पण हे मोठे रस्ते गावाजवळून जातात ते दुसऱ्याच गावांना जोडण्यासाठी. समृद्धीवर तर दुचाकीलाही मज्जाव आहे.

गावकऱ्याचा खरा प्रवास पाड्यापासून स्टेशनापर्यंतचा. पावसाळ्यात शेवळे, कुरडू, टाकळा अशा रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदे-जांभळे टोपलीत घेऊन बाया लोकल गाठतात आणि कल्याण-ठाण्याला विकून परततात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. घराला चार-सहा महिने कडी. आणि एखाद्या चौकशीची किंवा ग्रामसभेची तारीख नेमकी याच काळात पडली, तर दावा मागे राहतो. पावसात ओढे भरले की पाडे तुटतात. आजाऱ्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत तर खुद्द उंबरमाळी स्टेशनच पाण्यात गेले होते. मग ओढ्यापलीकडच्या पायवाटेची काय कथा!

तेव्हा घर, जमीन आणि वाट या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत. वाट नसली तर माणूस वेळेवर तहसील कचेरीत पोहोचत नाही; पोहोचला नाही तर नाव लागत नाही; आणि नाव नसले तर कसलेली जमीनही हातची जाते. यांतील वाट बांधणे हे सरकारचे काम. परंतु नावाची सुरुवात आपल्याला करता येईल. तुमचे मूळ गाव याच बाजूला असो की आणखी कुठे, या वेळी गावी जाल तेव्हा घरचा सातबारा मागून घ्या. आजकाल तो संगणकावरही पाहता येतो. त्यावरची नावे एकदा मोठ्याने वाचा. वारलेल्यांची किती, जिवंत असलेल्यांची किती ते मोजा. आणि आईचे, बहिणीचे नाव त्यात कुठे आहे, तेही पाहा.