डाग रक्ताचा, पण कोणाच्या?

संशयिताच्या सदऱ्यावर तांबूस डाग आढळला की त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : तो रंगाचा आहे, पानाच्या पिंकेचा आहे, नाही तर काल बकरे कापले त्याचा आहे. हे उत्तर खरेही असू शकते, आणि तसे असल्यास एका निरपराध माणसाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. नुसत्या डोळ्यांनी याचा निवाडा होत नाही.

१९०१ साली जर्मनीतील र्यूगेन बेटावर दोन लहान मुलांचा खून झाला. लुडविग टेस्नो या सुताराच्या कपड्यांवर डाग आढळले. ते लाकडाच्या रंगाचे आहेत, असे त्याने सांगितले. १८९८ साली अन्यत्र दोन मुलींचा खून झाला, तेव्हाही त्याने हेच सांगितले होते आणि तो सुटला होता. मात्र १९०१ सालीच ग्राइफ्सवाल्ड येथील पाउल ऊलेनहूट यांनी रक्ताचे मूळ ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली होती. कपडे त्यांच्याकडे पाठविण्यात आले. काही डाग मानवी रक्ताचे ठरले, तर काही मेंढीच्या रक्ताचे. खुनांपूर्वी बेटावर मेंढ्याही मारल्या गेल्या होत्या.

ही रीत अशी : सशाला मानवी रक्त टोचले असता त्याच्या शरीरात त्या रक्तातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतात. सशाच्या रक्तातून प्रतिपिंडयुक्त स्वच्छ द्रव वेगळा काढतात. डागाचा तुकडा मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवून तो अर्क या द्रवाशी भिडविला की, रक्त मानवी असल्यास दोहोंच्या सीमेवर पांढुरके कडे धरते. बकऱ्याचे असल्यास धरत नाही. वाळलेला जुना डागही पुष्कळदा चालतो. डाग नसलेल्या जागेचा तुकडाही सोबत तपासावा लागतो, अन्यथा कापडातील दोष रक्ताच्या माथी बसावयाचा. शेळी व मेंढी यांसारखे निकटचे प्राणी मात्र या कसोटीने सहज वेगळे करता येत नाहीत.

याआधी डाग रक्ताचा आहे काय, हे रंग बदलणाऱ्या रसायनाने पाहतात; परंतु काही भाज्यांच्या रसानेही तो रंग उमटतो, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. रक्त कोणत्या व्यक्तीचे, हा प्रश्न तर सर्वांत अवघड. रक्तगटाने एखाद्यास वगळता येत असे, ओळखता येत नसे. १९८४ साली ॲलेक जेफ्रिज यांनी इंग्लंडमध्ये डीएनए ठशांची पद्धत शोधली, तेव्हा ही उणीव दूर झाली.

हे सारे अखेर जप्तीच्या वेळच्या काळजीवर अवलंबून असते. ओले कापड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्यास रक्त कुजते. ते सावलीत वाळवून कागदात गुंडाळावे आणि प्रत्येक वस्तू वेगळी बांधावी.