लहान परस ऐसपैस कसे भासेल?

जमीन वाढविणे कोणाच्या हाती नाही. तिचे तुकडे मात्र पिढीगणिक वाढत आले आहेत. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. जी गत शेताची, तीच परसाची. एका वाड्यात तीन चुली झाल्या की परसाचेही तीन भाग पडतात, आणि एकेकाच्या वाट्यास जेमतेम गुंठाभर जागा येते. त्या गुंठ्यात आंबा हवा, भाजी हवी, फुलेही हवीत, अशा हौसेने सारे काही कोंबले म्हणजे चारदोन पावसाळ्यांत परसाचे रान होते. मग वाळवणास ऊन नाही, मुलांना खेळावयास जागा नाही, आणि सायंकाळी घटकाभर बसावे तर वारा नाही. घरातील बायामाणसांचा व वृद्धांचा बराच वेळ जेथे जातो, ती जागा अशी कोंदट होऊ देणे इष्ट नव्हे.

जागेचे माप बदलत नाही, हे खरे. परंतु जागा प्रशस्त भासणे केवळ मापावर अवलंबून नसते. दृष्टी कोठे अडते व कोठे मोकळी सुटते, यावर ते पुष्कळ अंशी अवलंबून असते. जपानातील क्योटो शहरी र्‍योआन्जी मंदिराची शिलाबाग जगप्रसिद्ध आहे. तिचे क्षेत्र अवघे अडीच गुंठ्यांच्या आसपास. पांढऱ्या खडीच्या मोकळ्या पटांगणात १५ शिळा अशा मांडल्या आहेत की, ओसरीवर कोठेही बसले तरी एखादी तरी शिळा दृष्टीआड राहते. यात दोन तत्त्वे आहेत: पुष्कळशी जागा रिकामी ठेवावी, आणि सर्व काही एका दृष्टिक्षेपात दिसू देऊ नये.

आता ही तत्त्वे आपल्या परसास लावून पाहू. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. कलमी आंब्याच्या दोन झाडांत जुन्या पद्धतीने १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट अंतर ठेवतात. अर्थात एकच आंबा वाढला की सारा गुंठा त्याच्या छायेखाली गेला. सबब आंबा, फणस, चिंच ही झाडे शेताच्या बांधावर लावावीत. परसात लिंबू, कढीपत्ता, पपई यांवर संतोष मानावा. शेवगा लावल्यास दरवर्षी शेंगा संपताच छाटून ठेंगणा ठेवावा. मोरीच्या पाण्यावर केळीचे एखादे बेट व अळू सहज पोसते.

मधली १८ फूट बाय २० फूट जागा, म्हणजे परसाचा एकतृतीयांश भाग, सारवून मोकळी ठेवावी. लागवड कडेकडेने करावी. दोडका, कारली, वाल यांचे वेल मांडवावर चढविले म्हणजे जमीन न अडविता भाजी मिळते. उंच झाडे व मांडव होता होईल तो उत्तरेच्या अंगास असावेत. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारची सावली उत्तरेकडे पडते, म्हणून अंगणाचे ऊन त्यांमुळे अडत नाही.

पायवाट दारापासून समोरच्या कुंपणापर्यंत नाकासमोर नेऊ नये. तीच एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे नेल्यास तिची लांबी ३३ फुटांऐवजी सुमारे ४७ फूट भरते. वाट लिंबाच्या झाडाआड किंचित वळविली, तर पलीकडे आणखी काही आहे असा भास होतो. फुलझाडांतही असाच विवेक ठेवावा. झेंडू, कर्दळ यांसारखी भडक फुले घराजवळ लावावीत. गोकर्ण, जाई यांसारखी निळी-पांढरी फुले दूरच्या कडेस लावावीत. भडक रंग जवळ ओढल्यासारखे वाटतात, तर फिकट रंग मागे सरल्यासारखे वाटतात.

सर्वांत मोठा लाभ मात्र कुंपणाबाहेर आहे. क्योटोतीलच एन्त्सूजी मंदिराच्या बागेत कुंपण छाटून सखल राखलेले असून, त्यापलीकडचा हिएई पर्वत जणू बागेचाच भाग वाटतो. जपानी लोक या युक्तीस ‘शाक्केई’, म्हणजे उसना देखावा, म्हणतात. शहरवासीयास असा देखावा सहसा दुर्लभ. ज्याचे घर शेताला लागून आहे त्यास तो फुकट लाभतो. परंतु पुष्कळ ठिकाणी शेताकडील अंगासच कडब्याची गंजी रचलेली असते, उकिरडाही तेथेच असतो, आणि हिरवे रान घरातून दिसतच नाही. गंजी व उकिरडा एका बाजूस हलवून त्या अंगास कमरेइतके मेंदीचे कुंपण राखावे. असे केल्याने गुंठाभर परसाला साऱ्या शिवाराची जोड मिळते.

हीच गोष्ट भावाभावांच्या वाटणीस लागू आहे. वाटणी झाली की मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घालण्याची घाई होते. खर्च दोघांचा होतो, आणि ऊनवाराही दोघांचाच अडतो. हद्द दाखविण्यास खुणेचे दगड व कमरेइतके कुंपण पुरेसे आहे. सातबाऱ्यावर नावे वेगळी राहोत. डोळ्यांना मात्र परस पूर्वीइतकेच मोठे दिसेल, आणि एकाच्या जाईचा सुगंध दुसऱ्याच्या ओसरीवर येईल. मृगाची लागवड करण्यापूर्वी प्रत्येकाने ओसरीवर बसून आपल्या परसाकडे एकवार पाहावे, आणि काय लावावे याच्या आधी काय काढावे, हे ठरवावे.