घरगुती व्हॅनिला अर्क : फुलापासून भेटीच्या बाटलीपर्यंत

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित जतन केलेले आहे. ते दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) मुदपाकखान्याशी निगडित आहे. त्या काळी व्हॅनिलाचे उत्पादन जवळजवळ मेक्सिकोपुरतेच मर्यादित होते. वेल अन्यत्र वाढे, फुलेही येत. पण शेंग धरत नसे. आज त्याच तंजावूरमध्ये केक करणारी गृहिणी दुकानातून सहज ‘व्हॅनिला इसेन्स’ आणते. त्यात बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन असते. खरा अर्क घरी करता येतो; मात्र त्याची किंमत समजण्यासाठी प्रथम फुलाकडे पाहावे लागते.

कीटकाचे काम माणसाच्या हाती

व्हॅनिलाच्या फुलात पुंकेसर व कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोच्या जंगलातील काही मधमाश्या तो ओलांडून परागीभवन करतात. आपल्याकडील मधमाश्यांकडून हे काम होत नाही. १८४१ मध्ये बोर्बों (आजचे रेयुनियाँ) बेटावरील एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने पडदा उचलून परागीभवन करण्याची सोपी रीत शोधली. तीच रीत आजही जगभर वापरली जाते. फूल एकच दिवस उमलते, म्हणून हे काम सकाळीच उरकावे लागते. पुढे शेंग पक्व होण्यास सुमारे ९ महिने लागतात आणि ५ ते ६ किलो हिरव्या शेंगांपासून प्रक्रिया केलेल्या केवळ १ किलो शेंगा मिळतात.

अर्काची कृती

तंजावूरच्या कडक उन्हाळ्यात हे पीक सहज येत नाही. त्यामुळे केरळ, कर्नाटकातील प्रक्रिया केलेल्या शेंगा घ्याव्यात. शेंग काळसर, तेलकट आणि बोटाभोवती गुंडाळता येईल इतकी लवचीक असावी. पृष्ठभागावरील चमकदार, सुईसारखे पांढरे कण व्हॅनिलिनचे असू शकतात. परंतु लोकरीसारखी, मंद रंगाची वाढ व कुबट वास ही बुरशीची लक्षणे होत. अशी शेंग टाकून द्यावी.

प्रमाण नगावर न ठरवता वजनावर ठरवावे : १ लिटर द्रवास १०० ग्रॅम शेंगा, म्हणजेच १०० मिलिलिटरला १० ग्रॅम. अमेरिकेच्या अन्नमानकातील प्रमाणही जवळपास हेच असून त्यात मद्यार्काचे प्रमाण किमान ३५ टक्के असावे लागते. म्हणून साधारण ४० टक्के मद्यार्काची, स्वादरहित व्होडका योग्य ठरते. औद्योगिक किंवा विकृत स्पिरिट विषारी असते. ते कदापि वापरू नये.

शेंगा उभ्या चिरून, तुकडे करून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घालाव्यात. त्या द्रवात पूर्ण बुडालेल्या असाव्यात. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवून आठवड्यातून एकदा हलवावी. दोन महिन्यांनी अर्क वापरता येतो. सहा महिन्यांनी स्वाद अधिक भरतो. मद्यार्क नको असल्यास शेंगेचे तुकडे २५० ग्रॅम साखरेत दोन आठवडे मुरवावेत.

भेट आणि विक्री

भेटीच्या बाटलीवर शेंगांचे वजन, भिजवल्याची तारीख व मद्यार्काचा उल्लेख अवश्य असावा. विक्रीचा विचार असल्यास आधी अन्नसुरक्षा नोंदणी आणि मद्यार्कयुक्त अर्कासाठी उत्पादनशुल्क खात्याचे नियम तपासावेत. व्हॅनिला साखरेत हा दुसरा प्रश्न येत नाही, त्यामुळे बचत गटांनी तिच्यापासून सुरुवात करावी.

२००३ च्या सुमारास व्हॅनिलाचे भाव शिखरावर होते, तेव्हा दक्षिणेतील अनेक शेतकऱ्यांनी वेली लावल्या. थोड्याच काळात भाव कोसळले आणि पुष्कळांना वेली काढून टाकाव्या लागल्या. केवळ शेंगेच्या भावावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे तेव्हा दिसले. विस्तार कार्यकर्त्यांनी लागवडीची शिफारस करण्यापूर्वी प्रक्रिया आणि ग्राहक यांचा विचार शेतकऱ्यांपुढे मांडावा. एक लिटर अर्कामागे सुमारे तीस फुले कोणीतरी एकेक करून हाताळलेली असतात. त्या श्रमाचा मोबदला शेतकऱ्याच्या घरी पोहोचला पाहिजे.