घाम किती, ताण किती?

बारामतीत राहून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात शिका की इंदापूरहून रोज एसटीने ये-जा करा, परीक्षा जवळ आली की पहिली काट बसते ती खेळाला. नेमकी तीच महागात पडते.

किती हालचाल हवी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. शिवाय निदान दोन दिवस जोर-बैठकांसारखा स्नायूंचा व्यायाम.

मध्यम म्हणजे? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागणे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले की १५० मिनिटे भरतात.

आपण कुठे? २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. महिलांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के होते.

फायदा कसा होतो? नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता आणि उदासी कमी होते. मात्र तो उपचारांना पर्याय नाही.

ताण मोजतात कसा? मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रश्नावली संशोधनात सर्रास वापरतात. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत ० ते ४० गुण असतात. गुण जितके जास्त, तितका ताण जास्त.

मदत हवी? मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन ‘टेलि-मानस’ : १४४१६. विनामूल्य, २४ तास, मराठीतही.