पगाराची दोरी कुणाच्या हाती?

आज ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटला घ्यायचा होता. पण सोलापूरच्या एका वाचकांनी मागच्या भागावरून असं विचारलंय, की तो थोडा मागे ठेवतो. राष्ट्राध्यक्षाचा आणि न्यायाधीशांचा पगार अमेरिकी काँग्रेसच ठरवते, मग ते तिच्या मुठीत जात नाहीत का?

१७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींना नेमकी हीच धास्ती होती. पगार अडवून माणूस कसा वाकवतात, हे त्यांच्या वसाहतींनीच करून पाहिलं होतं. राजाने नेमलेल्या गव्हर्नरचा पगार बऱ्याच ठिकाणी स्थानिक विधिमंडळ मंजूर करी, आणि गव्हर्नर ऐकेना की मंजुरी लांबवी. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांना राजाच पगार देऊ लागला, तेव्हा तेच विधिमंडळ खवळलं. सरन्यायाधीश पीटर ऑलिव्हर तो पैसा सोडायला तयार होईनात, म्हणून १७७४ मध्ये त्यांच्यावर महाभियोग आणला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावर जे आरोप आहेत, त्यांतही न्यायाधीशांचा पगार आहेच.

फिलाडेल्फियात ८१ वर्षांच्या फ्रँकलिन यांनी सुचवलं, की राष्ट्रप्रमुखाला पगारच नको, फक्त खर्च द्यावा. सभेने ते आदराने ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. माझ्या मते बरंच झालं. बिनपगारी पद श्रीमंतांच्याच वाट्याला गेलं असतं.

ठरलं ते असं: राष्ट्राध्यक्षाचा पगार त्याच्या मुदतीत वाढवायचा नाही आणि घटवायचाही नाही. म्हणजे धाकही नको, आमिषही नको. न्यायाधीशांचं मात्र अडलं. ते तहहयात बसणार, तेवढ्या काळात महागाई वाढली तर? मॅडिसन यांना वाढीचीही भीती वाटत होती. त्यांचं म्हणणं, पगार गव्हासारख्या टिकाऊ मोलाच्या वस्तूशी जोडावा! मला हा तपशील फार आवडतो. महागाई भत्त्याचा विचार त्या दालनात तेव्हाच डोकावून गेला होता. शेवटी न्यायाधीशांचा पगार वाढवायची मुभा राहिली, कमी करायची नाही.

या कलमांचा काटेकोरपणा पुढे दिसतो. राष्ट्राध्यक्षाचा पगार २५ हजार डॉलरवरून ५० हजार करणाऱ्या कायद्यावर ग्रँट यांनी ३ मार्च १८७३ ला सही केली. दुसऱ्याच दिवशी त्यांची नवी मुदत सुरू होत होती. एक दिवस उशीर झाला असता, तर पुढची चार वर्षं त्यांना वाढ मिळाली नसती.

पण वाचकांची शंका अगदीच खोटी नाही. १९६४ मध्ये काँग्रेसने इतर संघीय न्यायाधीशांना साडेसात हजार डॉलरची वाढ दिली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना साडेचार हजारांची. शाळांतली प्रार्थना आणि मतदारसंघांची फेररचना यांवरच्या निकालांनी अनेक सभासद चिडलेले होते. पगार कापता येत नव्हता. वाढीत हात आखडता घेता येत होता, तेवढा घेतला.

राहिला काँग्रेसचा स्वतःचा पगार. तो तीच ठरवते. १८७३ च्या त्याच कायद्यात सभासदांनी आपलीही वाढ करून घेतली होती, तीही मागल्या तारखेपासून. लोक इतके भडकले, की ओहायोच्या विधिमंडळाने मॅडिसन यांची १७८९ पासून पडून राहिलेली, सभासदांच्या पगाराबद्दलचीच एक घटनादुरुस्ती बाहेर काढून मंजूर केली. ती घटनेत यायला मात्र १९९२ साल उजाडलं. तो किस्सा पुढच्या आठवड्यात, आणि मार्बरी त्यानंतर.