फुलपाखरी पोहणे व दिव्यांग विद्यार्थी

व्यायामाच्या तासाला दिव्यांग विद्यार्थ्यास झाडाच्या सावलीत बसवून ठेवावे, अशी रीत अनेक शाळांतून दिसते. तिच्यामागे दयाबुद्धी असते हे खरे. परंतु त्या दयेनेच मुलाच्या वाट्याचा खेळ हिरावला जातो. ज्यास पोहण्याचा सर्वांत कष्टाचा प्रकार समजतात, तो 'बटरफ्लाय' अथवा फुलपाखरी प्रकार दिव्यांग खेळाडू कसा पोहतात, हे पाहिल्यास शिक्षकबंधुभगिनींना या बाबतीत पुष्कळ बोध होण्यासारखा आहे.

या प्रकारात दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे आणावयाचे व एकाच वेळी पाण्याखालून मागे ओढावयाचे असतात. दोन्ही पायही एकत्रच वरखाली हलवावे लागतात. छातीपासून कमरेपर्यंत व तेथून पावलांपर्यंत शरीराची एक लाट उमटते आणि तीच शरीरास पुढे नेते. १९५२ साली या प्रकारास स्वतंत्र मान्यता मिळाली व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याची शर्यत प्रथम झाली.

एक हात नसलेला, पायांत बळ नसलेला व दोन्ही हात नसलेला असे तिघे एकाच शर्यतीत उतरले, तर न्याय कसा व्हावा? यासाठी खेळाडूंचे वर्ग पाडले आहेत. शारीरिक व्यंग असलेल्यांसाठी १ ते १० असे वर्ग असून पहिल्या वर्गात मर्यादा सर्वांत अधिक, तर दहाव्यात सर्वांत कमी असते. स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल व अवयवांची लांबी प्रथम तपासतात. मग पाण्यात पोहावयास लावून परीक्षा घेतात. शेवटी प्रत्यक्ष शर्यतीतही निरीक्षण करतात. व्यंगाचे नाव काय, यापेक्षा पाण्यात त्याचा परिणाम किती, हे पाहिले जाते. म्हणून निरनिराळी व्यंगे असलेले खेळाडू एकाच वर्गात आढळतात. पॅरालिंपिकमध्ये ५, ६ व ७ या वर्गांसाठी ही शर्यत ५० मीटरची, तर ८ व पुढील वर्गांसाठी १०० मीटरची असते.

वळताना व शेवटी दोन्ही हातांनी भिंतीस एकदम स्पर्श करावा, असा सर्वसाधारण नियम आहे. ज्याचे हात असमान लांबीचे आहेत, त्याने दोन्ही हात एकदम पुढे करावयाचे. मात्र लांब हाताचा स्पर्श पुरतो. ज्यास हातच नाहीत, त्याने शरीराच्या वरच्या कोणत्याही भागाने स्पर्श केला तरी चालतो. ठोकळ्यावर उभे राहता येत नसल्यास पाण्यातूनही आरंभ करता येतो. परंतु जो अवयव कार्यक्षम आहे, तो नियमाप्रमाणेच चालविला पाहिजे. त्यात चूक झाल्यास खेळाडू बाद होतो. अशक्य असेल तेवढ्यापुरतीच सवलत व शक्य असेल तेथे पूर्ण शिस्त, हे या नियमांचे सार होय.

या व्यवस्थेचे फळ दोन उदाहरणांत दिसते. दोन्ही हात नसलेल्या चीनच्या झेंग ताओ याने २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये पाचव्या वर्गाच्या ५० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्याची सारी गती धडाच्या लाटेतून व पायांतून निर्माण होते. सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांनी बालपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. त्यांनी २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत सातव्या वर्गाची हीच शर्यत ३२.७१ सेकंदांत जिंकली.

प्रत्येक गावी तलाव नाही, आणि जाणकाराच्या देखरेखीवाचून कोणत्याही मुलास पाण्यात उतरवू नये. परंतु वरील रीत कोणत्याही मैदानावर उपयोगी पडते. मुलास काय करता येत नाही, याआधी काय करता येते, ते पाहावे. खेळाचा नियम त्याच्यासाठी आवश्यक तेवढाच बदलावा व उरलेला नियम सर्वांप्रमाणेच पाळावयास लावावा. धावता न येणाऱ्या मुलास चेंडूफेकीत घ्यावे व बसून फेकणाऱ्यासाठी अंतराची रेषा वेगळी आखावी. दिव्यांग विद्यार्थ्यांस इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे, हे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शाळांचे कर्तव्यच ठरविले आहे. सावलीत बसलेल्या मुलास मैदानात बोलावणे, ही त्या कर्तव्याची पहिली पायरी होय.